पोटातील गोल जंतांची घराणी



पाऊस सरला, दिवाळी झाली, की देशावरचे धनगर मेंढरे घेऊन वाटेला लागतात. त्यांचा वाडा रस्त्याने जाताना तुम्ही पाहिला असेल. पुढे मेंढरांचा कळप. त्यात चार-दोन शेळ्या. मागे घोडी. तिच्या पाठीवर भांडीकुंडी आणि पाल, आणि त्यावर पाय बांधून बसवलेल्या कोंबड्या. बाजूने कुत्री.

एवढ्याशा वाड्यात पाच जातींची जनावरे असतात आणि पाचांच्याही पोटात जंत होऊ शकतात. आपण मात्र सगळ्यांना एकच शब्द वापरतो. “जंत झालेत” म्हणतो आणि मोकळे होतो.

पण मग प्रश्न येतात. मेंढीचा जंत घोडीला लागतो का? कुत्र्याचा जंत कोंबडीला लागतो का? सगळ्यांना एकच औषध पाजून भागेल का? लेंड्या झाडून काढाव्यात, की माशा माराव्यात, की झुरळे? एक धनगर मला म्हणाला, “गुरुजी, जंत तो जंत. त्याला काय जातगोत असतंय?”

असते. आणि ते कळले तर वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. म्हणून हा धडा.

गोल जंत म्हणजे कोणता?

जनावरांच्या अंगात राहणारे जंत मुख्यतः तीन आकारांचे. एक पानासारखा चपटा. तो बहुधा काळजात, म्हणजे यकृतात सापडतो. दुसरा फितीसारखा लांब. त्याचे तुकडे पडतात. तिसरा सुतळीसारखा किंवा दोऱ्यासारखा गोल, दोन्ही टोकांना निमुळता. आज आपण या तिसऱ्याचाच विचार करणार आहोत, आणि त्यातही जो पोटात म्हणजे जठरात राहतो त्याचा. आतड्यातले जंत वेगळे. त्यांची गोष्ट फार मोठी आहे.

गोल जंतात नर वेगळा आणि मादी वेगळी. मादी अंडी घालते. अंड्यातून पिल्लू निघते. साप जशी कात टाकतो तशी हे पिल्लू वाढताना चार वेळा कात टाकते. बहुतेक जातींत दोनदा कात टाकून झाली, की ते दुसऱ्याच्या पोटात घर करण्याच्या लायकीचे होते. त्याआधी ते पोटात गेले तरी बहुधा काही बिघडत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

पाठीला कणा असलेला जवळजवळ कोणताही प्राणी घ्या. मासा, बेडूक, साप, पक्षी, गुरे, वाघ. त्यात कोणता ना कोणता गोल जंत सापडतोच. माणूसही यातून सुटलेला नाही.

निवड कशी करतात?

एका धर्मशाळेत दहा माणसे उतरली, म्हणून ती एका कुळातली होत नाहीत. तसेच जंतांचे. एका पोटात राहतात म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. शास्त्रज्ञांना ही गोष्ट कळायला बराच काळ लागला. स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली सगळ्या प्राण्यांची मोठी यादी केली. त्यात त्याने जंत, गांडूळ, गोगलगाय हे सगळे एकाच गाठोड्यात बांधले होते. पुढे जर्मनीच्या रुडॉल्फीने जनावरांची पोटे फाडून, जंत काढून, एकेकाला नाव द्यायला सुरुवात केली. १८०० नंतरची ती वर्षे. आपल्या देशातल्या पाळीव जनावरांच्या जंतांवर जी. डी. भालेराव यांनी १९३५ साली ग्रंथ लिहिला.

हे लोक जंताची दोन टोके पाहतात. तोंड आणि शेपूट. आपण बैल पारखताना शिंगे, वशिंड, खूर पाहतो आणि हा खिल्लार, हा डांगी, असे सांगतो. तसेच हे. फक्त जंताचे तोंड सुईच्या अग्रापेक्षा बारीक असते, म्हणून सूक्ष्मदर्शक यंत्र लागते.

अशी पारख केल्यावर पोटातल्या गोल जंतांची तीन मोठी घराणी दिसतात. आणखी लहानसहान आहेत, पण तीन कळली तरी आपले काम भागते.

पहिले घराणे : छत्रीशेपट्या

या घराण्यातल्या नराच्या शेपटाला पातळ पडदा असतो. त्यात छत्रीच्या काड्यांसारख्या काड्या असतात. या छत्रीने तो मादीला धरतो. छत्री दिसली, की घराणे ठरले.

मेंढी-शेळीला जो सर्वांत जास्त मारतो, तो जंत याच घराण्यातला. शास्त्रातले त्याचे नाव हिमाँकस कॉन्टॉर्टस. नाव पाठ करण्याची गरज नाही. पण पहिल्या शब्दात ‘रक्त’ आहे आणि दुसऱ्याचा अर्थ ‘पिळलेला’. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात चारा साठतो. तिथून तो रवंथासाठी वर येतो. चौथा कप्पा म्हणजे खरे जठर, तिथे आंबट रस सुटतो. हा जंत त्या चौथ्या कप्प्यात राहतो. खाटकाला तो ठाऊक असतो. मादी बोटाच्या एका पेराएवढी लांब. तिच्या आतड्यात प्यालेले रक्त असते म्हणून ते लाल दिसते. त्याभोवती अंड्यांच्या पांढऱ्या नळ्या वेढे घेत गेलेल्या असतात. लाल आणि पांढरा दोरा एकत्र पिळावा तशी ती दिसते. तोंडात एक बारीक दात असतो. त्याने ती जठराच्या अस्तराला टोचते आणि रक्त पिते.

एक जंत दिवसाला किती रक्त खर्ची घालतो? साधारण एका थेंबाएवढे. वीस जंत मिळून एक मिलिलिटर. ऐकायला काहीच वाटत नाही. पण एका मेंढीच्या पोटात हजार जंत असणे नवलाचे नाही. हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर. चहाच्या लहान कपाचे अर्धे रक्त, रोज! पंचवीस-तीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळे मिळून रक्त किती? दोन लिटरच्या आत. आता हिशेब तुम्हीच करा. लहान कोकराला तर त्याहून कमी पुरते.

अशी मेंढी हगवणीने मरत नाही. पुष्कळदा लेंडी बांधून पडते, म्हणून मालकाला संशय येत नाही. ती मागे रेंगाळू लागते. डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते. मग जबड्याखाली पाणी उतरते, मऊ सूज येते. बाटली बांधल्यासारखा जबडा दिसतो. त्यानंतर फार दिवस राहत नाहीत.

आता हा जंत येतो कुठून? मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून गायरानावर पडतात. पावसाळ्यात ऊब आणि ओल दोन्ही असते. अंड्यातून पिल्लू निघते, लेंडीतच वाढते, दोनदा कात टाकते आणि आठवड्याभरात तयार होते. मग ओल्या गवताच्या पात्यावर पाण्याच्या पापुद्र्यातून वर चढते. फार उंच नाही, बहुतेक पिल्ले जमिनीपासून चार बोटांच्या आतच असतात. मेंढी गवत अगदी मुळाशी खाते. पिल्लू पोटात जाते. तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते.

यात मध्ये कोणी नाही. माशी नाही, किडा नाही. मेंढीपासून गवत, गवतापासून मेंढी. म्हणून या घराण्याचा बंदोबस्त चराईत आहे. एकाच ओल्या, आखूड गवताच्या तुकड्यावर कळप दिवसेंदिवस ठेवला, की जंतांचे फावते. कडक ऊन आणि कोरडी जमीन ही पिल्लांना मानवत नाही. धनगर पावसाळ्यात कोरड्या देशावर राहतात आणि जागा सारखी बदलतात. माझ्या मते त्या चालीने जंतांचा जोर आपोआप थोडा मोडतो. चाल काही जंतांसाठी पडलेली नाही, चाऱ्यासाठी पडली. पण लाभ तो लाभच.

जंतही मोठा धोरणी. बाहेर दिवस वाईट आहेत असे झाले, की त्याची काही पिल्ले जठराच्या अस्तरात वाढ थांबवून पडून राहतात. पुढचा हंगाम आला की उठतात. उन्हाळ्यात जनावर बरे दिसले, म्हणून पोट साफ आहे असे समजू नये.

आता धनगराचा पहिला प्रश्न. मेंढीचा हा जंत घोडीला लागतो का? नाही. घोडीच्या पोटात त्याचा निभाव लागत नाही. उलट मेंढरांच्या कुरणात घोडी चरली, की गवतावरची पिल्ले तिच्या पोटात जाऊन मरतात. तेवढे कुरण साफ होते. पण याच घराण्यात एक केसासारखा बारीक जंत आहे. त्याला ट्रायकोस्ट्रॉन्जिलस ॲक्सी म्हणतात. तो मेंढी, गाय आणि घोडा, तिघांच्याही जठरात राहतो. म्हणजे एकाच घराण्यातला एक भाऊ घर सोडत नाही आणि दुसरा तीन घरे फिरतो. म्हणून नुसते घराणे कळून पुरत नाही, जात कळावी लागते.

दुसरे घराणे : मध्यस्थाने येणारे

या घराण्यात छत्री नाही. बहुतेकांच्या तोंडाला दोन ओठ असतात आणि नराचे शेपूट गुंडाळलेले असते. पण खरी खूण त्यांच्या वागण्यात आहे. यांची अंडी किंवा नुकती निघालेली पिल्ले जनावराने गवताबरोबर खाल्ली, तरी जंत होत नाही. ती आधी एखाद्या किड्याच्या अंगात जायला हवीत. तिथे ती दोनदा कात टाकतात. मग तो किडा जनावराच्या पोटात गेला, की जंत घर करतो. लग्नात मध्यस्थ लागतो, तसा इथे किडा लागतो.

घोडीचे उदाहरण घ्या. तिच्या जठरात हॅब्रोनिमा नावाचा जंत राहतो. त्याची पिल्ले लिदीत पडतात. लिदीत माशीच्या अळ्या असतात, त्या ही पिल्ले गिळतात. अळीची माशी होते आणि जंताचे पिल्लू तिच्या आतच असते. माशी घोडीच्या ओठावर बसली, की पिल्लू उतरून तोंडात जाते. माशी जखमेवर बसली तर ते जखमेत उतरते. तिथे त्याला मोठे होता येत नाही, पण जखम चिघळते आणि उन्हाळाभर भरत नाही. घोडीची जखम मलम लावूनही भरत नसेल, तर हेही एक कारण असू शकते.

या जंताचा शोध आपल्या मुंबईत सुरू झाला. हेन्री कार्टर नावाचे इंग्रज डॉक्टर तिथे होते. त्यांना घरमाशीच्या अंगात बारीक गोल जंत सापडले. १८६१ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. पण हा जंत माशीत कशाला आला, हे त्यांना उमगले नाही. कसे उमगणार? माशीत असते ते पोर. आईबाप घोड्याच्या पोटात. पन्नास वर्षांनी, १९११ साली, अमेरिकेच्या रॅन्समने दोन्ही टोके जुळवली आणि माशीतला आणि घोड्यातला जंत एकच असल्याचे सांगितले. पन्नास वर्षे एकाच प्राण्याची अर्धी-अर्धी ओळख लोकांजवळ होती!

कोंबडीकडे वळू. तिच्या पोट्याच्या वर एक मऊ जठर असते. त्याच्या भिंतीत टेट्रामेरिस नावाचा जंत राहतो. याची मादी गोल जंतांत शोभत नाही. ती फुगून लाल मण्यासारखी होते आणि भिंतीतल्या ग्रंथीत बसून राहते. नर मात्र दोऱ्यासारखाच. मध्यस्थ कोण? नाकतोडा, झुरळ असे किडे. मोकळी कोंबडी किडे टिपतच फिरते, तिला कोण अडवणार? पण खुराड्यातली झुरळे तरी कमी करता येतात.

कुत्र्याचा जंत फार लांबचा प्रवास करतो. त्याला स्पायरोसर्का म्हणतात. त्याचा मध्यस्थ म्हणजे शेणातला भुंगा. कुत्रा भुंगा खातो, किंवा भुंगा खाल्लेली कोंबडी अगर पाल खातो. पिल्लू जठराची भिंत फोडते, रक्तवाहिनीच्या कडेकडेने छातीतल्या मोठ्या रोहिणीपर्यंत जाते आणि शेवटी अन्ननलिकेत गाठ करून राहते. याला काही महिने लागतात. म्हणजे हा पोटातून जातो, पण पोटात राहत नाही. कोंबडीची आतडी कुत्र्याला कच्ची टाकण्याची आपली सवय या जंताच्या फायद्याची आहे.

वाघसुद्धा सुटत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघ मेला. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्याचे जठर तपासले. त्याच्या भिंतीत त्याला काटेरी डोक्याचा गोल जंत सापडला. १८३६ साली त्याने त्याला नॅथोस्टोमा असे नाव दिले. हा मांजरातही असतो. याला दोन मध्यस्थ लागतात. आधी पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव, मग तो खाणारा मासा किंवा बेडूक. थायलंड, जपान या देशांत गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्याची चाल आहे. तिथे या जंताची पिल्ले माणसात शिरतात आणि कातडीखाली फिरत राहतात.

सायक्लॉप्स हे नाव वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. नारूचा मध्यस्थ तोच होता. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका, असे सांगत माणसे गावोगाव फिरत, ती याच्यासाठी. १९९६ साली राजस्थानात नारूचा आपल्या देशातला शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. नारू या घराण्याच्या जवळचाच. तो औषधाने हटला नाही, फडक्याने हटला. मध्यस्थ गाळून काढला, की या जंतांची वाटच बंद होते.

तिसरे घराणे : तीन ओठांचे

लहान मुलांच्या शौचातून गांडुळासारखा लांब जंत पडतो, तो या घराण्यातला. पण तो राहतो आतड्यात. जठरात राहणारे याचे नातेवाईक समुद्रात आहेत, देवमाशाच्या आणि डॉल्फिनच्या पोटात. त्यांना ॲनिसाकिस म्हणतात. त्यांची पिल्ले समुद्रातल्या माशांत असतात. १९६० साली हॉलंडमध्ये कच्चा, थोडासा खारवलेला मासा खाणाऱ्यांच्या पोटात ती सापडली. जपानातही असे पुष्कळ रोगी होतात. आपल्या कोकणात मासा शिजवून किंवा तळून खातात. नीट शिजला की पिल्लू मरते. त्यामुळे आपल्याला घाबरण्याचे कारण नाही.

ही सगळी पारख डोळ्यांनी केलेली. हल्ली शास्त्रज्ञ जंताच्या पेशीतले वंशद्रव्य तपासतात. १९९८ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून तसा एक वंशवृक्ष मांडला. त्यात दिसले, की दुसरे आणि तिसरे घराणे एकमेकांच्या जवळचे आहे. पहिले घराणे मात्र वेगळ्या फांदीवर आहे. मातीत मोकळे राहणारे काही गोल जंत त्याचे जवळचे भाऊबंद निघाले. छत्रीशेपट्याचे पिल्लू लेंडीत आणि मातीत आपल्या पायावर का उभे राहू शकते, हे त्यावरून थोडे समजते.

कळपासाठी याचा उपयोग

दक्षिण आफ्रिकेत मेंढपाळांसाठी एक रंगीत पट्टी तयार झाली. तिला फमाचा म्हणतात. मेंढीची खालची पापणी उलटून आतला रंग पट्टीशी ताडून पाहायचा. लालबुंद असेल तर पहिला क्रमांक, पांढरा फटक असेल तर पाचवा. चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या जनावराला औषध द्यायचे. पहिल्या-दुसऱ्याला द्यायचे नाही. तिसऱ्याचे जनावराची एकंदर तब्येत पाहून ठरवायचे.

पण ही परीक्षा कोणत्या जंताला लागू? फक्त रक्त पिणाऱ्याला. याच घराण्यातले दुसरे जंत रक्त पीत नाहीत, ते जठर बिघडवतात आणि जनावर हगते. त्याची पापणी लाल असूनही ते आजारी असते. शिवाय काळजातला चपटा जंत आणि गोचीड यांनीही पापणी पांढरी पडते. म्हणून पापणी पाहावी, पण जबडा, लेंडी आणि अंगावरचे मांस हेही पाहावे.

“सगळ्यांनाच पाजले तर काय बिघडले?” असे पुष्कळजण विचारतात. बिघडते. १९६१ साली थायबेंडाझोल नावाचे फार गुणाचे औषध निघाले. १९६४ सालीच त्याला दाद न देणारा हिमाँकस सापडला. तीन वर्षे! औषधाने हजारातले नऊशे नव्वद मेले आणि दहा वाचले, तर पुढची सगळी प्रजा त्या दहांची. दर महिन्याला सरसकट औषध, आणि तेही अंदाजाने कमी पाजलेले, म्हणजे हे दहा निवडून वाढवणे आहे. म्हणून वजन करून, डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावे. शेळीला मेंढीचे माप पुष्कळ औषधांत पुरत नाही, हेही त्यांना विचारून घ्यावे.

कोणता जंत आहे हे लेंडी तपासून कळते. छत्रीशेपट्या घराण्यातल्या बऱ्याच जंतांची अंडी यंत्राखाली सारखीच दिसतात. तेव्हा दवाखान्यात ती लेंडी काही दिवस ओलसर ठेवून पिल्ले निघू देतात आणि पिल्लांवरून जात ओळखतात. यासाठी लेंडी ताजी लागते. जमिनीवर वाळलेली उचलून नेऊ नये. पाच-सहा जनावरांची लेंडी वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत घ्यावी, झाकण घट्ट लावावे, उन्हात ठेवू नये आणि त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात पोचवावी. प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठीवर आपल्या हाताने लिहावे: मेंढी की शेळी, वय किती, पापणीचा रंग कसा, आणि शेवटचे औषध कोणते, कोणत्या तारखेला दिले.